सूर्यफुलात पराग भरपूर, तरी पिलावा का घटतो?

प्रश्न १ (जत, सांगली): सूर्यफुलात मेलिफेराच्या (पेटीत पाळतात त्या युरोपीय मधमाशीच्या) पेट्या ठेवल्यात. माश्या पाय भरभरून पराग आणतात, तरी पिलावा (अंडी, अळ्या, कोष) कमी होतोय. पराग आणि मध दोन्हीतली प्रथिने तपासावीत का?

प्रश्न २ (जावळी, सातारा): जांभूळ की हिरडा, कोणत्या मधात प्रथिने जास्त?

उत्तर: तपासायचा तो पराग. मधात प्रथिने साधारण ०.२ ते ०.५ टक्केच असतात आणि त्यातली बरीचशी माशीच्या ग्रंथींतून आलेली असतात, फुलातून नव्हे. त्यामुळे प्रथिनांवरून जांभूळ आणि हिरडा मधाची प्रतवारी लावण्यात अर्थ नाही. मध कोणत्या झाडाचा हे ठरवायचे तर १० ग्रॅम मध २० मिली कोमट पाण्यात (४० अंशांच्या आत) विरघळवून सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवतात आणि तळाशी बसलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. एकाच झाडाचे ४५ टक्क्यांहून जास्त भरले, तर त्या झाडाचा मध म्हणायला आधार मिळतो.

आता जतचा प्रश्न. परागातली प्रथिने झाडागणिक बदलतात. सूर्यफूल आणि मक्याचा पराग साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असतो, मोहरीचा २० च्या वर. वसाहत नीट वाढायला २० टक्के तरी लागतात. सूर्यफुलाचा पराग ढिगाने येतो, पण प्रथिनांत तो कमी पडतो. एकच पीक मैलभर पसरलेले असले की माश्यांना दुसरा पर्यायही राहत नाही. नुसता आकडाही पुरत नाही: निलगिरीच्या पुष्कळ जातींचा पराग २० टक्क्यांवर भरतो, पण त्यात आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल कमी पडते. म्हणून मिसळीचा पराग सगळ्यात चांगला.

आधी चौकट उन्हाकडे धरून कोवळ्या अळ्या बघा. निरोगी अळी पांढऱ्या दुधाळ रसात तरंगते. अळीच्या घराचा तळ कोरडा दिसला, तर दाई माश्यांना (अळ्यांना भरवणाऱ्या तरुण माश्यांना) प्रथिने कमी पडताहेत असे समजा. मात्र त्याआधी राणीची अंडी आणि व्हरोआ कीड (माश्यांवर व पिलाव्यावर जगणारा कोळी) दोन्ही तपासून घ्या, कारण पिलावा त्यांच्यामुळेही घटतो.

तपासणीसाठी नमुना घेताना पराग सापळा (पेटीच्या दारात बसवायची, माश्यांच्या पायांवरचा पराग पाडणारी जाळी) सकाळी दोन-तीन तासच लावा, तोही सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नको. सातेरीची (आपल्याकडच्या देशी मधमाशीची) कमजोर वसाहत असेल तर लावूच नका. पोळ्यातला साठवलेला पराग पाठवू नका. त्यात मध मिसळलेला असतो, त्यामुळे आकडा खाली येतो. सापळ्यात पडलेल्या परागाच्या गोळ्या रंगानुसार वेगळ्या करा. रंग फसवतो, म्हणून प्रत्येक रंगाची एक गोळी पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर फोडून बघा: सूर्यफुलाचा कण काटेरी, मक्याचा मोठा, गुळगुळीत, एका छिद्राचा. ताज्या परागात पाणी २० ते ३० टक्के असते. तो सावलीत किंवा ४० अंशांच्या आत वाळवून हवाबंद बाटलीत द्या. ओला पाठवलात तर बुरशी येतेच, शिवाय वजनात पाणी मोजले जाते.

प्रयोगशाळेत केल्डाल पद्धतीने नायट्रोजन मोजतात, जो पशुखाद्यासाठीही मोजतात, आणि त्याला ठरावीक गुणकाने गुणून प्रथिने काढतात. समजा अर्धा ग्रॅम वाळलेल्या नमुन्याला ०.१ नॉर्मल (तीव्रतेचे माप) आम्ल ९ मिली लागले. १ मिली म्हणजे १.४ मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे १२.६ मिलिग्रॅम, अर्थात २.५२ टक्के. याला ६.२५ ने गुणले की १५.७५ येतात, ५.६ ने गुणले की १४.१. परागासाठी दोन्ही गुणक वापरात आहेत, म्हणून अहवालात कोणता धरला आणि आकडा कोरड्या वजनावर आहे की ओल्या, हे विचारूनच घ्या. हेच १५.७५ टक्के २५ टक्के ओलाव्याच्या परागात ११.८ होतात, दोन अहवाल शेजारी ठेवून भांडण्यापूर्वी एवढे बघा. मधातली प्रथिने मोजायला ब्रॅडफर्ड पद्धत (प्रथिनांमुळे येणारा निळा रंग ५९५ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजणे) वापरतात. गडद मधातले रंगद्रव्य त्यात घोटाळा करते.

अहवाल येईपर्यंत थांबू नका. बांधावर शेवगा, तूर, मोहरी अशी फुले असलेल्या जागी काही पेट्या हलवा. ते जमत नसेल तर तेल काढलेले, भाजलेले सोयाबीन पीठ ३ भाग आणि यीस्ट १ भाग साखरेच्या घट्ट पाकात मळून, प्रत्येक वसाहतीला ५० ते १०० ग्रॅमची वडी चौकटींवर ठेवा. कच्च्या सोयाबीनचे पीठ माश्यांना पचत नाही. आठवड्यात संपेल एवढीच द्या, उरलेली काढून टाका, आणि बाजारातला किंवा दुसऱ्याच्या पेटीतला मध त्यात घालू नका. त्यातून रोग येतो.