पूर्वेकडच्या बाल्कनीत कुंड्यांमध्ये कोणत्या भाज्या आणि फुलं चांगली येतात?

तुम्ही लिहिलंय की घर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आहे, बाल्कनी पूर्वेला आहे आणि ऊन सकाळी सातपासून जेमतेम साडेदहापर्यंत येतं. नर्सरीतून टोमॅटो आणि गुलाब आणले, तर टोमॅटो नुसताच उंच वाढला आणि गुलाबाला कळीच धरली नाही. आता पुन्हा खर्च करण्याआधी काय लावावं आणि माती कुठली घ्यावी, हा तुमचा प्रश्न.

तुमच्या निगराणीत काही चुकलेलं नाही. टोमॅटो, वांगी, भोपळी मिरची, गुलाब, मोगरा यांना रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. साडेतीन तासांच्या उन्हात झाड पानं काढू शकतं, फळं पोसू शकत नाही. तेव्हा जिथे पानंच खायची असतात ती पिकं घ्या. माझी बाल्कनीही पुण्यातच आणि पूर्वेलाच आहे, आणि आमच्या घरात रोजच्या फोडणीला, चहाला, चटणीला लागणारं बरंचसं हिरवं तिथूनच येतं.

सुरुवात मेथीने करा. घरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवायचे, चार-पाच इंच खोल पसरट ट्रेमध्ये दाट पेरायचे आणि वर मातीचा पातळ थर द्यायचा. मुंबईत वाळूत वाढवलेल्या समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, तशी कोवळी मेथी पंधरवड्यात उपटता येते. दर आठवड्याला एक ट्रे पेरला तर खंड पडत नाही. कोथिंबिरीला जरा धीर लागतो. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या, मगच पेरायचे. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. वाण्याकडचे धणे जुने असले तर उगवत नाहीत, म्हणून बियाण्याच्या दुकानातून पाकीट आणलेलं बरं. एप्रिल-मेमध्ये कोथिंबिरीच्या नादी लागू नका, ती उन्हाळ्यात नीट उगवत नाही आणि उगवली तरी लगेच फुलावर येते. दिवाळीनंतर मात्र सुरेख होते.

पुदिन्यासाठी मंडईतल्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढून पाण्यात ठेवा. आठवड्याभरात मुळं फुटतात. त्याला स्वतंत्र कुंडी द्या, तो शेजारच्या झाडाला जागा ठेवत नाही. पानांचा ओवा फांदी खोचली की लागतो, त्याची भजी पावसाळ्यात करून बघाच. मायाळूचा वेल ग्रिलवर चढवा. अर्ध्या उन्हात त्याची पानं उलट मोठी होतात. अळूलाही अशी जागा मानवते, फक्त त्याला ओल सतत हवी. अळूचा गड्डा मात्र ज्यांच्या घरी त्या अळूच्या वड्या होतात त्यांच्याकडूनच आणा, शोभेचं अळू दिसायला तसंच असतं आणि ते खाण्याचं नसतं. कढीपत्ता सावकाश वाढेल, पण शेंडा खुडत राहिलात तर भरगच्च होईल.

आता माती. खर्च करायचाच तर इथे करा, कारण कुंडीतल्या झाडाचं सगळं जग तेवढंच असतं. नुसती काळी माती कुंडीत घालू नका. ती ओली झाली की चिकट होते आणि वाळली की आक्रसून कडेला भेगा पडतात, मग घातलेलं पाणी मुळांना न भेटता खालून निघून जातं. नुसती लाल मातीही काही महिन्यांत दगडासारखी घट्ट होते. एक भाग चाळलेली लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड (कडुनिंबाच्या बियांचा तेल काढून उरलेला चोथा), एवढं मिश्रण पुरे. कोकोपीटची वीट भिजल्यावर एकदोनदा पाणी बदलून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. महागड्या खतांच्या बाटल्यांची गरज नाही.

सोसायटीत झाडून ढीग लावलेला पालापाचोळा मिळाला तर तो सोन्यासारखा जपा. कुंडीच्या तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर सुकी पानं दाबून अर्ध्यापर्यंत आणि वर मिश्रण, असं भरलं की माती कमी लागते आणि पानं कुजून खत होतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटातून हाच विचार घरोघरी नेला. ते गणिताचे अभ्यासक होते. पालापाचोळा आणि घरातला ओला कचरा यांतूनच सुपीक माती तयार करायची, हा त्यांचा आग्रह होता. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर त्याच वाटेने, स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली गेली. हे शहरात होऊ शकतं याचा तो माझ्या मते सगळ्यात चांगला पुरावा आहे.

फुलांमध्ये अबोली आणि पावसाळ्यात तेरडा लावा, दोन्ही अर्ध्या उन्हात खूश असतात. गोकर्णाला फुलं थोडी कमी येतील, पण येतील. शेवंती लावणार असाल तर कुंडी रात्री दिव्याच्या उजेडापासून दूर ठेवा. तिला कळ्या धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते; बाल्कनीतली ट्यूब उशिरापर्यंत चालू राहिली तर झाड हिरवंगार दिसतं आणि कळी धरत नाही.

पूर्वेच्या बाल्कनीत लोक एका गोष्टीत हमखास फसतात. पुण्यात पाऊस बहुतेक पश्चिमेकडून, वाऱ्याबरोबर येतो. बाहेर दिवसभर रिपरिप चालू असते आणि आपल्या कुंड्या आतून कोरड्याच राहतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्येही बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा आणि कोरडं लागलं तरच पाणी घाला. दक्षिणेची बाल्कनी असलेल्या कुणी विचारलं तर त्यांना हेही सांगा की मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे त्यांच्या कुंड्यांना तेव्हा ऊन जवळजवळ मिळत नाही. थंडीत मात्र ते पार खोलीच्या आत येतं.

मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, पडला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांच्या खालची बाजू धुवा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. कबुतरं कोवळी मेथी उपटतात, ट्रेवर जाळीची टोपली पालथी घाला.

वजनाचा विचार आधीच करा. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की सुमारे २५ किलोची होते, वरच्या मिश्रणात ती बरीच हलकी राहते. तरीही मोठ्या कुंड्या भिंतीलगत ठेवा, बाल्कनीच्या टोकाला नको, आणि कठड्यावर तर एकही नको. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासा. डेंग्यूचा डास त्याच पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. पाणी घालण्याची वेळ खालच्या मजल्यावरच्यांना विचारून ठरवा, म्हणजे त्यांचे वाळत घातलेले कपडे भिजणार नाहीत.