रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

"वजन ठीक आहे, रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग रोज बर्गर-फ्राइज खाल्ले तर बिघडतं कुठे?" हा तुझा प्रश्न वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

अरे, वाद बर्गरशी नाही, रोजशी आहे. मित्र जमले तर खा, मनसोक्त खा. पण रोज नको. एखाद्या दिवसाचं शरीर निस्तरतं, रोजचं साठत जातं.

आणि रिपोर्टचं म्हणशील तर, पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर सावरून धरतं. असं वर्षानुवर्षं चालू शकतं. तोवर उपाशीपोटीची साखर नॉर्मलच दिसते! अमेरिकेत तरुणांवर १५ वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा फास्ट फूड खाणाऱ्यांचं वजन, एकदाही जेमतेम खाणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेचार किलोंनी जास्त वाढलं. इन्सुलिनला दाद न देणंही त्यांच्यापेक्षा दुपटीनं वाढलं. हे आठवड्यातून दोन-तीनदाचं. तू रोज खातोस.

शिवाय मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. असं एकच भरपेट जेवण त्यातला मोठा वाटा संपवतं. रक्तदाब चढताना बहुधा काही दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

"वेळ नाही" हे मला सांगू नकोस. वेळ मलाही नव्हता. कामावर सगळे बाहेरून मागवायचे आणि मी माझा डबा उघडायचो. त्यापायी त्यांच्या गप्पांतून बाजूला पडलो, काही मैत्री जुळता जुळता राहिली. त्याची खंत आजही आहे. तरी हट्ट सोडला नाही, आणि बरोबरच केलं. थकून घरी आलो तरी भांडं गॅसवर चढायचंच. रोजचं जेवण आपल्या हातात हवं, यावर मी कुणाशी तडजोड केली नाही. तुझ्याशीही करणार नाही.

चिडलो असं वाटेल. काळजी वाटते म्हणून चिडतो, रे.

सगळं एकदम सोडू नकोस, टिकणार नाही. आधी गोड शीतपेय बंद कर; त्याच्या एका कॅनमध्येच साधारण ३५ ग्रॅम साखर असते. मग आठवड्यातली चार जेवणं घरी शिजव. साधे दोन पदार्थ आले तरी पुरे. पुढच्या पत्रात कारणं नकोत, काय शिजवलंस ते लिही.