दृश्यीकरण, दृश्यांकन की नुसता आलेख?

प्रश्न असा आहे: गिरगावातल्या एका ग्रंथालयाच्या मराठी शोधपानावर निकालांसोबत वर्षवार स्तंभ आणि शब्दांचा पुंजका दिसणार आहे. तिथल्या बटणावर 'डेटा व्हिज्युअलायझेशन'साठी, म्हणजे माहिती चित्ररूपात दाखवण्यासाठी, कोणता शब्द लिहावा?

या कामाच्या अहवालात 'दृश्यीकरण' लिहा. जे दिसत नव्हतं ते दिसतं करणं, हा अर्थ त्या 'ईकरणा'तच आहे. शुद्धीकरण, सुलभीकरण याच साच्यातले. 'दृश्यांकन' मुंबईकराच्या कानाला सिनेमाच्या चित्रीकरणाजवळचं वाटतं. 'दृश्यीकरण'मधली 'यी' दीर्घच हवी.

बटणावर मात्र यातलं काहीच नको. वाचकाला तंत्राचं नाव नको असतं, दाबल्यावर काय कळेल ते हवं असतं. 'प्रकाशनवर्षानुसार' एवढं पुरे. आकृत्यांची नावं शालेय गणितातलीच घ्या: भाषा, विषय असे सुटे गट असतील तर स्तंभालेख, दहा-दहा वर्षांचे सलग वर्ग पाडले, स्तंभ एकमेकांना चिकटले, तर आयतालेख.

'प्रकाशनवर्ष' लिहिलंत की नोंदींत इसवी सनच हवा. जुन्या पुस्तकांवर शक असतो. १७५३ हा शक तसाच भरला, तर ते पुस्तक १७५०च्या दशकात जाऊन बसतं. शकात ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९. 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२चा, म्हणजे शके १७५३. तिथे ७८ने एक वर्ष चुकतं. साल नसलेल्या नोंदींना 'साल नाही' असा वेगळा स्तंभ द्या, शून्यात ढकलू नका.

शब्दांच्या पुंजक्याला (वर्ड क्लाउड, जास्त वेळा आलेला शब्द मोठा दिसतो) 'शब्दमेघ' हा शब्द छान आहे, पण मेघ मराठीत सहज फसतो. पायथन या संगणकभाषेतला मजकुराचे शब्द तोडण्याचा नेहमीचा नियम मात्रा आणि अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. 'मुंबई'चे 'म' आणि 'बई' असे दोन तुकडे होतात, एकाक्षरी 'म' गळतो आणि मेघात ठळक 'बई' झळकते. देवनागरीची स्वरचिन्हंही शब्दात धरणारा नियम द्यावा लागतो. मग मुंबईत, मुंबईचा, मुंबईहून असे वेगवेगळे शब्द मोजले जातात. नुसते प्रत्यय छाटूनही भागत नाही, कारण 'संपाचा'मधून 'संपा' उरतो. त्यासाठी सामान्यरूपावरून मूळ शब्दाकडे नेणारी यादी हवी. 'आणि', 'आहे', 'पण' आधीच वगळा.

मेघाच्या डोक्यावर 'या निकालांत वारंवार येणारे शब्द' असं लिहा, आणि प्रत्येक शब्दाशेजारी निकालांची संख्या द्या. लांब शब्द नुसत्या लांबीनेच मोठा भासतो.