रॉबर्ट गिब या स्कॉटिश चित्रकाराचं आयुष्य कसं होतं? त्याच्यासारखी लढाईची चित्रं शिकायची तर सुरुवात कुठून करू?

आयुष्य सरळमार्गी होतं. १८४५ मध्ये फॉलकर्कजवळच्या लॉरिस्टन गावात जन्म, एडिंबऱ्यात लिथोच्या (दगडावरून छपाईच्या) छापखान्यात उमेदवारी, सोबत चित्रकलेचं शिक्षण. १८७८ च्या ‘कॉम्रेड्स’पासून तो लढाईच्या चित्रांकडे वळला. पुढे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहाचा कीपर, म्हणजे संग्रह सांभाळणारा अधिकारी, झाला, १९०८ पासून राजाचा चित्रकार, १९३२ मध्ये वारला. बंदूक घेऊन रणांगणावर कधीच गेला नाही. त्याचं ‘द थिन रेड लाइन’ १८८१ चं, त्यातली बालाक्लाव्हाची लढाई (क्रिमियन युद्धातली, ब्रिटिश विरुद्ध रशियन) १८५४ ची. लढाई झाली तेव्हा हा नऊ वर्षांचाही नव्हता.

आता त्या चित्राबद्दल. ९३ व्या हायलँडर (स्कॉटिश डोंगराळ मुलखातल्या) पलटणीची दोनच ओळींची फळी, आणि रशियन घोडेस्वार अगदी संगिनींच्या टोकाशी येऊन कोसळतायत. प्रत्यक्षात ते इतके जवळ आलेच नव्हते. त्यांचा सेनानी कॉलिन कॅम्पबेल, त्याच्या माणसांनी लांबूनच फैरी झाडल्या आणि घोडदळ वळलं. लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार रसेल, त्यानं ही फळी टेकडीवरून पाहिली आणि तिला पोलादी कड असलेली बारीक लाल रेघ म्हटलं. टेकडीवरून रेघच दिसणार. गिबनं आपल्याला टेकडीवरून उतरवून फळीशेजारी नेऊन उभं केलं, आणि मग शत्रूला ओढून पुढ्यात आणलं. मधलं मोकळं मैदान रंगवलं असतं तर त्या चित्राकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

हे मी एवढं तावातावानं लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेनं सभागृहासाठी माझ्याकडून पावनखिंड करून घेतली. मी खिंड मुद्दाम आवळली. दोन्ही बाजूंचे कातळ चित्राच्या कडेपर्यंत आणले, समोरच्या गड्याच्या भाल्याचं टोक बाजीप्रभूंच्या ढालीला टेकवलं, मागचे मावळे नुसते अंधारातले डोळे. रात्री जागून केलेलं काम. लावायच्या आदल्या दिवशी कमिटीतले एक सद्गृहस्थ मोबाइलवर फोटो घेऊन आले. “मी स्वतः जाऊन आलोय. खिंड एवढी अरुंद नाहीये. आणि शत्रू एवढा जवळ कसा?” मी म्हटलं, साहेब, चित्र आहे, तलाठ्याचा पंचनामा नाही. ते भडकले. मग कमिटीची बैठक, मग “थोडं मोकळं करून द्या”. मी ब्रश लावला नाही. राहिलेले पैसे आजतागायत आलेले नाहीत. चित्र मात्र भिंतीवर आहे आणि उद्घाटनाला हेच गृहस्थ त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत होते!

गिबला असा कमिटीवाला भेटला असता तर १८८९ चं, त्याच युद्धातल्या दुसऱ्या लढाईचं ‘आल्मा’ही झालं नसतं. ते आज ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात आहे.

म्हणून सांगतो: निम्मे पैसे आधी घ्या. काम मान्य कोण करणार, त्या एकाच माणसाचं नाव लिहून घ्या. कपडे, हत्यारं, घोड्याचा लगाम यांत चूक नको, तिथे टीकाकार बरोबर असतो. गिबचे किल्ट आणि पट्टे नीट बघा म्हणजे कळेल. पण अंतर, गर्दी आणि उजेड ही चित्रकाराची मालमत्ता.

हो, एक राहिलंच. गिबची चित्रं ब्रिटिश सरकारच्या बाजूनं काढलेली आहेत, हे आपण तरी विसरू नये. हीच ९३ वी पलटण, याच कॅम्पबेलच्या हाताखाली, नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेत घुसली होती आणि आतले बहुतेक सगळे शिपाई मारले गेले. रचना त्याच्याकडून शिका, बाजू आपली आपण ठरवा.

सुरुवात ‘थिन रेड लाइन’ची नक्कल करून करू नका, घोड्यांतच अडकाल. त्याचं १९०३ चं उगुमाँचं चित्र घ्या: वॉटर्लूच्या दिवशी वाड्याचा दरवाजा आतून रेटून बंद करणारे सैनिक. खांदे, पाठी, टाचा, एवढंच आधी कोळशानं काढा. दरवाजा नक्की किती फूट रुंद होता असं कुणी विचारायला आलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.