पितळी साप

प्रिय बाय,

तुझा प्रश्न वाचला. आपण रविवारी मिस्साला जातो, घरी जपमाळेचा तेर्स होतो, मग दहा आज्ञांतली खोट्या देवांना न भजण्याची आज्ञा आपल्याला कशाला, असं विचारतेस.

आधी एक सांगते. ही आज्ञा वाचताना शेजारच्या देव्हाऱ्याकडे बघू नकोस. चवथीला त्यांच्याकडून नेवऱ्या येतात, नाताळला आपल्याकडून दोदोल जातो, ते तसंच चालू दे. आज्ञा सिनाय डोंगराच्या पायथ्याशी थांबलेल्या देवाच्याच माणसांना दिली होती. आणि पूजेला सोन्याचं वासरू केलं तेही त्यांनीच. त्यांचा पुढारी मोशे 40 दिवस डोंगरावर होता, इथे यांना धीर निघेना. कानांतलं सोनं काढून मोशेचा भाऊ अहरोन याच्या हवाली केलं. मिसरातून निघताना पदरात पडलेलं सोनं ते, तेही देवकृपेनेच!

मला मात्र वासरापेक्षा पितळी सापाची भीती जास्त वाटते. रानात सर्पदंशाने माणसं मरत होती, तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने तो खांबावर चढवला. त्याच्याकडे पाहणारे वाचले. पुढे कित्येक पिढ्यांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळताना दिसतात. शेवटी हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. साप खोटा नव्हता गं. त्याने खरोखर जीव वाचवले होते, म्हणूनच तर तो सुटेना.

आता तुझ्या पोर्तुगीज पासपोर्टाचं. आजोबांचा जन्म 19 डिसेंबर 1961 च्या आधीचा, गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीतला, म्हणून लिस्बनला नोंद करून घ्यायची आणि पुढे परदेशी जायचं. यात पाप काहीच नाही. अर्ध्या सासष्टीची घरं परदेशातल्या पैशांवर उभी आहेत, उगाच नाकं कशाला मुरडायची? पण गेलं वर्षभर तुझं प्रत्येक बोलणं ‘कागद झाले की’ने सुरू होतं. कागद झाले की कॉयरला येईन, कागद झाले की आईशी नीट बोलेन. मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी तू मांडीवर फोन धरून एजंटचा मेसेज उघडलास, ते मी मागच्या बाकावरून पाहिलं. (माझा चष्मा दूरचा आहे, लक्षात ठेव.)

भक्तीचंही असं होऊ शकतं. 2024 च्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला जुन्या गोव्यात केवढी रांग! रांगेत उभं राहावं, मीही राहिले. पण तो आपला गोंयचो सायब स्वतः कुठे थांबला? देवाच्या हाकेमागे जपानपर्यंत गेला आणि 1552 मध्ये चीनच्या दाराशी एका बेटावर वारला. त्याच्या पेटीसमोर सेल्फी काढून परतताना आपल्याला कुणी हाक मारतंय का, एवढं तरी ऐकावं.

ऐकायचं कसं? त्याचाच सोबती संत इग्नाती याची एक जुनी सवय आहे, विवेकपरीक्षण. रात्री दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आधी देवाचे आभार मान. मग दिवस सकाळपासून क्रमाने आठव: मन कुठे हलकं झालं, कुठे घट्ट मिटलं, कोणाला टाळलंस. चुकलं तिथे क्षमा माग आणि उद्याच्या एखाद्या गोष्टीसाठी कृपा माग. मोठे विचार सुचलेच पाहिजेत असं नाही, झोप आली तरी चालेल. फोन मात्र दुसऱ्या खोलीत. पहिले काही दिवस फक्त कागदच आठवतील. आठवू देत, तेच देवाला सांग. कुणापुढे गुडघे टेकतोय हे लपवून ठेवलं की ते वाढत जातं.

आणि कागद टाकून दे असं मी मुळीच म्हणत नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर फाईल घेऊन घरी ये. आजोबांच्या जन्मदाखल्यात आणि लग्नाच्या नोंदीत आडनावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणालीस ना, ते दोन्ही कागद वर ठेव. आईलाही आण.

तुझी
टीचर