यकृताच्या कर्करोगात नैसर्गिक मारक पेशी नेमके काय करतात?
इंदुरात आत्याने आतोबांचा रिपोर्ट पुढ्यात ठेवून मला हाच प्रश्न विचारला होता. रक्तातील लिम्फोसाइट पेशींत (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) या मारक पेशी साधारण ५ ते १५ टक्के असतात, तर निरोगी यकृतात त्यांचा वाटा ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. शरीराच्या स्वतःच्या पेशींवर असणारे, ओळखपत्रासारखे एचएलए रेणू ज्या पेशीवरून नाहीसे झाले आहेत, तिच्या आवरणाला त्या परफोरिन या प्रथिनाने भोके पाडतात आणि आत ग्रँझाइम ही पेशी मारणारी विकरे सोडून तिला मारतात. गाठ वाढू लागली की मात्र तीच टीजीएफ-बीटा हे प्रतिकारशक्ती दाबणारे प्रथिन सोडून या पेशींना निस्तेज करते, आणि माझ्या मते उपचारांच्या दृष्टीने खरी कळ येथेच आहे. या पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला देण्याच्या चाचण्या चालू आहेत, पण तो अद्याप रूढ उपचार नाही. आतोबांना हिपॅटायटिस-बी होता आणि यकृताच्या कर्करोगाला कारण ठरणारा हा विषाणू घरातल्यांनाही लागू शकतो, म्हणून मी आत्याला आधी मुलांची रक्ततपासणी करून घ्यायला सांगितले.