मटण खाल्ल्यावर मध्यरात्री उठणारं ‘पित्त’

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, रालीजवळ राहतो. यजमान कोल्हापूरचे, त्यामुळे रविवारी रात्री नऊला मटण आणि तांबडा रस्सा ठरलेला. गेल्या दोन महिन्यांत तीनदा रात्री दोनच्या सुमारास ते खाजेने जागे झाले. अंगभर गांधी, पोटात कळा. पित्त समजून आम्ही आमसुलाचं पाणी लावलं. तिसऱ्या वेळी मात्र त्यांना चक्करही आली. त्वचेवर टोचून केलेल्या तपासणीत फारसं काही निघालं नाही. रक्ताची कोणती तपासणी करायची? आठ वर्षांच्या मुलाचीही करून घ्यावी का?

उत्तर : ताई, आधी चक्करेबद्दल. गांधींबरोबर चक्कर आली म्हणजे ते पित्त म्हणून सोडून द्यायचं नाही. मटण आजपासून बंद. एपिनेफ्रिनचं (तीव्र ॲलर्जीत तातडीने द्यायच्या औषधाचं) इंजेक्शन डॉक्टरांकडून लिहून घ्या, वापरायचं कसं ते तुम्हीही शिका आणि पुन्हा असं झालं तर ते देऊन लगेच ९११ला फोन करा.

आता रक्ताचं. मी व्हर्जिनियात ॲलर्जीचे रुग्ण पाहते. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी बहुधा ताटावरून उठायच्या आत कळते. तुम्ही नऊ आणि दोन या वेळा लिहिल्यात, त्या वाचून मला पहिली आठवली ती गोचीड. यजमानांना विचारा, गवत कापताना किंवा रानवाटेने फिरताना चावली होती का? घोट्याजवळ आठवडेच्या आठवडे खाजणारी पुटकुळी होती का?

तुमच्याकडे लोन स्टार जातीच्या गोचिडी भरपूर. मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो. गाय, डुक्कर, शेळी, मेंढी, हरीण यांच्या मांसात अल्फा-गॅल नावाची साखर असते, माणसात नसते. गोचीड चावल्यावर काहींचं शरीर या साखरेविरुद्ध आयजीई अँटीबॉडी, म्हणजे ॲलर्जी घडवणारी रक्तातली प्रथिनं, तयार करतं, आणि मग मटण खाल्लं की दोन ते सहा तासांनी त्रास सुरू होतो.

म्हणून ‘अल्फा-गॅल स्पेसिफिक आयजीई’ असं नाव घेऊनच तपासणी मागा. नुसतं टोटल आयजीई, म्हणजे सगळ्या आयजीईची एकत्र मोजणी, पुरत नाही. शंभर पदार्थांचं आयजीजी (ही वेगळ्याच प्रकारची अँटीबॉडी) पॅनेल कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्यातून ॲलर्जी कळत नाही. उपाशी राहायला नको, खाजेची गोळी थांबवायला नको. टोचून केलेल्या तपासणीत मांसाची ही ॲलर्जी पुष्कळदा निसटते, तेव्हा त्या निकालावर विसंबू नका.

या आयजीईचा आकडा साधारणपणे ०.१ (kU/L) किंवा त्याहून जास्त आला तर पॉझिटिव्ह धरतात. पण या भागात गोचीड चावलेल्या कितीतरी जणांचा आकडा वर असतो आणि ते मटण खुशाल पचवतात. आकडा मोठा म्हणजे त्रासही मोठा, असंही नाही. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ती तीन रविवारांची हकीकत आणि आकडा, दोन्ही मिळून निदान होईल. मुलाला मटणाने कधी काही झालेलं नाही ना? मग त्याचं रक्त तपासू नका. उगाच आकडा निघेल आणि धडधाकट पोराचं ताट तुम्ही भीतीपोटी निम्मं कराल. हे मी वारंवार पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

हा आजार ज्यांच्यामुळे उलगडला त्यांपैकी एक, व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स. २००७मध्ये ब्लू रिज डोंगरात फिरताना त्यांनाच गोचिडीची पिल्लं चावली. ते स्वतःचं रक्त तपासत राहिले, आकडा चढत गेला, आणि पुढे कोकराचं मांस खाल्ल्यावर काही तासांनी त्यांच्या अंगावर गांधी उठल्या.

कोंबडी, मासे, अंडी चालतील. तांबडा रस्सा कोंबडीचा करा. दूध-तूप बहुतेकांना सोसतं, ते आपणहून बंद करू नका. जिलेटिन जनावरांपासूनच बनतं, म्हणून त्याच्या कॅप्सूल आणि गमी मात्र डॉक्टरांना दाखवा, आणि कधी ऑपरेशन ठरलं तर ही ॲलर्जी आधी सांगा.

वर्षभराने रक्त पुन्हा तपासा. नवी गोचीड चावली नाही तर बऱ्याच जणांचा आकडा उतरतो, काहींना मटण परतही मिळतं, पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तोवर गवतात जाताना पँट मोज्यांत खोचायची आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी नीट पाहायचं. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका, चटके देऊ नका.